खडूतली पावलं

धाकट्याने लाथ मारली ती नेमकी थोरलीच्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला. चुकून लागलेली नव्हती ती. वीस वर्षं कत्तलखान्यात जनावरं कापून सोलणाऱ्या माणसाला सांधा कुठे असतो ते कोणी सांगावं लागत नाही.

थोरली ओरडली नाही. तिच्या हातात सत्तूर होता, तो तिने खाली आणला. भावाचा डावा हात गल्ल्याच्या फळीवर टेकलेला होता. त्याच्या करंगळीपासून दोन बोटांच्या अंतरावर सत्तूर फळीत शिरला आणि तसाच उभा राहिला. धाकट्याने हात मागे ओढला. तोंडावरचा रंग उतरला होता.

"वेड लागलंय का तुला?"

"बोटं मोज," ती म्हणाली. "पाच भरली तर चालू लाग."

समोरच्या दुकानातली शिंपीणबाई पिशवी घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली. "अगं बाई! बोकडं आत टांगलीत आणि शिंगं बाहेर?"

"मावशी, तुम्ही सांगा," धाकटा तिच्याकडे वळला. "आत्ता ही टेकली की नाही? गुडघा वाकवून, फळीला धरून? अर्धी बसलीच होती. मी नुसतं पुरं करायला मदत केली."

"मी काही बघितलं नाही," शिंपीणबाई म्हणाली. "मला पाव किलो खिमा दिसतोय, तोही अजून झालेला नाही."

"मी येतो परत," धाकटा दारातून म्हणाला. "दुपारपर्यंत त्या पायावर राहून दाखव. दाखवच." आणि तो कोपऱ्यावरच्या नळाकडे तोंड धुवायला गेला.

हे सगळं बाबांच्या एका वाक्यावरून चाललं होतं.

बाबांना बाजारात सगळे खांब म्हणायचे. चाळीस वर्षं ते मटण तोडायच्या या ठोकळ्यापुढे उभे राहिले आणि त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नाही. जेवायचे उभ्याने. चहा उभ्याने. आई गेल्याचा निरोप आला तोही त्यांनी उभ्याने ऐकला, हातातली मांडी पुरी तोडली, गिऱ्हाइकाला बांधून दिली आणि मग हात धुतले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेवर आडवं पडावं लागलं याचीच त्यांना मरणापेक्षा जास्त लाज वाटत होती. दोघांना जवळ बोलावून ते म्हणाले, "कागदबिगद मी केलेला नाही. ठोकळ्यापुढे जो उभा राहील त्याचं दुकान. आधी थोरलीने राहायचं. ती बसली की धाकट्याचं. कामाच्या वेळी बसला, त्याचा हक्क गेला." दोघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले.

याला पाच महिने झाले होते. पाच महिने धाकटा रोज सकाळी कत्तलखान्यातली पाळी संपवून, अंगाला रक्ताचा वास तसाच ठेवून यायचा आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून बहिणीकडे बघत राहायचा. कधी तासभर, कधी तीन तास. बोलायचा फारसं नाही. ती कधी बसते याची वाट बघायचा.

आणि थोरलीचं वय एक्कावन्न होतं, आणि तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून तिचा राहिला नव्हता.

सुरुवातीला नुसता जिना उतरताना दुखायचा. मग सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लाकडाची व्हायला लागली. मग आतून आवाज यायला लागला, वाळू चावल्यासारखा. डॉक्टरांनी फोटो काढून उजेडाला लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं, इथे दोन हाडांच्या मध्ये फट असायला हवी, ती आतल्या बाजूने झिजत आली आहे. "समजतंय ना?" त्यांनी विचारलं. थोरलीला हसू आलं. तिला त्या फटीबद्दल डॉक्टर सांगत होते! ती फट ती रोज तीस-चाळीस वेळा शोधत होती. सुरी तिथेच घालायची असते. नीट घातली तर जोर लागत नाही, पाय आपोआप सुटतो आणि हाडाच्या टोकावरची पांढरी, निसरडी टोपी दिसते, ओल्या शिंपल्यासारखी. म्हाताऱ्या जनावराची टोपी पिवळी आणि खरबरीत असते. बोट फिरवलं की कळतं. त्या दिवशी घरी येताना तिला सारखं वाटत राहिलं, की आपल्या गुडघ्यात कोणी बोट घालून फिरवलं तर काय हाताला लागेल ते आपल्याला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. बाई वयाने लेकीएवढ्या होत्या. त्यांनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायला शिकवली, पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार मांडी उचलते, म्हणाल्या. उकिडवं बसू नका. वजन चार-पाच किलो उतरवा. सूज असेल तर थंड फडकं. मग म्हणाल्या, "आता मला दाखवा, काम कसं करता."

थोरलीने रिकाम्या खोलीत उभं राहून दाखवलं. उजवीकडे ठोकळा, डावीकडे तराजू. सत्तूर मारायचा, वळायचं, टाकायचं, परत वळायचं.

"पाय का नाही उचलत वळताना?"

"पाय?"

"पावलं जमिनीला खिळलीत तुमची. वरचं सगळं शरीर वळतंय, खालचं नाही. मग ते पिळणं जातं कुठे? गुडघ्यात. किती वर्षं करताय असं?"

"बारा वर्षांची असल्यापासून."

"पाऊल उचलून वळा," त्या म्हणाल्या. "आणि उंच स्टूल घ्या. अर्धा तास उभं, दहा मिनिटं बसून. बसून कापता येतं की."

"बाई," थोरली म्हणाली, "तुम्ही माझं दुकान घालवाल."

पाय का उचलत नाही हे तिने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. बाबांनी दोघांना काम शिकवलं ते खडूने. ठोकळ्यापुढे उभं करायचे आणि वाकून पोरांच्या पावलांभोवती फरशीवर खडूची रेघ ओढायचे. ओल्या हातांनी ओढलेली रेघ, जाड, पिठूळ. "पाय हलला की सुरी हलते. सुरी हलली की बोट जातं." पाय रेघेबाहेर गेला तर सुऱ्यांना धार लावायची पोलादी कांब नडगीवर बसायची. फटका देताना ते रागावलेले नसायचे, हे सर्वांत वाईट होतं. वजन करावं तसे द्यायचे, कमी नाही, जास्त नाही.

फक्त एकदा मोजमाप चुकलं. धाकटा अकरा वर्षांचा होता. सकाळपासून उभा होता आणि बाबा बाहेर गेलेत असं समजून उलट्या बादलीवर टेकला. बाबा मागच्या दाराने आले. त्यांनी कांब उचलली आणि मांड्यांवर, पोटऱ्यांवर, गुडघ्यांवर मारत राहिले. पोरगं आधी ओरडत होतं, मग नुसता श्वास येत होता, मग कुत्र्यासारखं काहीतरी. समोरून शिंपीणबाईचा नवरा धावत आला म्हणून थांबले. आठ दिवस धाकटा भिंतीला धरून संडासला जात होता.

त्या वेळी थोरली सतरा वर्षांची होती आणि ठोकळ्यापुढे उभी होती. ती कापत राहिली. मागे वळून तिने बघितलं नाही. तिचे पाय खडूत होते.

चौतीस वर्षांत भावाने तिला याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तिने स्वतःला मात्र हजार वेळा विचारलं होतं, आणि दरवेळी तेच उत्तर यायचं, पाय खडूत होते. उत्तर खोटं नव्हतं. म्हणूनच ते पुरत नव्हतं.

आता भाऊ नळावर होता. थोरलीने शिंपीणबाईचा खिमा केला, पुडी बांधली आणि पैसे घ्यायला हात पुढे केला तेव्हा गुडघ्यातून काहीतरी पेटत वर मांडीत गेलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. पातळ सुती परकराखाली गुडघा बघता बघता फुगत होता, हे तिला न बघता कळत होतं.

"बस गं बाई," शिंपीणबाई हळूच म्हणाली. "मी दारात उभी राहते. तो आला तर खोकते."

"नको."

"तोंड बघ तुझं. त्या टांगलेल्या बोकडाचं बरं आहे."

"मावशी, पाच मिनिटं दुकान बघा. मी माल बघून येते."

म्हणून झालं आणि मग तिला आठवलं, हे बाबांचं वाक्य होतं. "माल बघून येतो." दिवसातून सात-आठ वेळा ते असं म्हणायचे आणि मागच्या थंड खोलीत जायचे. दार लावून घ्यायचे, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून. दहा मिनिटांनी यायचे.

थोरलीने थंड खोलीचं जड दार आपल्यामागे ओढलं. आकड्यांना सहा बोकडं टांगलेली होती. इथे कोणी बघणार नव्हतं. ती भिंतीला धरून, लंगडत, मधल्या दोन धडांमध्ये खांदा घालून पलीकडे गेली. थंड मांस दोन्ही गालांना घासलं. मागे, थंडीच्या यंत्राच्या आडोशाला, जिथे रिकाम्या पेट्या रचलेल्या असतात आणि कोणाला काही काम नसतं, तिथे कुठेतरी टेकावं, एवढंच तिला हवं होतं.

तिथे जागा तयार होती.

फळांची एक लाकडी पेटी उलटी ठेवलेली होती. तिच्यावर गोणपाटाची घडी, जाड दोऱ्याने चारही बाजूंनी शिवलेली. घडीच्या मधोमध खळगा होता, माणूस उठून गेल्यावर राहतो तसा. तो मऊ नव्हता. वर्षांनी दाबून दाबून कडक झाला होता. भिंतीवर, बरोबर पाठ टेकेल तिथे, रंग उडून एक तेलकट डाग पडला होता. पेटीच्या फळ्यांच्या फटीतून आत काहीतरी दिसलं. तिने हात घातला. गुडघ्यावर चढवायचे ताणपट्टे निघाले, दोन, ताणून ताणून सैल झालेले. आणि मलमाची नळी, शेपटीपासून गुंडाळत आणलेली, शेवटच्या थेंबापर्यंत. तो वास तिने लगेच ओळखला. बाबांच्या अंगाला तो कायम असायचा. खांद्याला लावतो, म्हणायचे.

थोरली त्या खळग्यात बसली. तो तिच्यापेक्षा मोठा होता. पाच महिन्यांत ती रडली नव्हती आणि आताही रडली नाही. तिने नुसते दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, बाबांनी ठेवले असतील तसे. टांगलेल्या धडांच्या फटीतून इथून दार दिसत होतं. ते दाराकडे तोंड करून बसत होते, म्हणजे कोणी आलं तर उठता यावं. स्वतःच्या दुकानात, चोरासारखे.

मग तिने पेटीला हात घातला आणि ती ओढत बाहेर आणली.

शिंपीणबाईने ती फरफट पाहिली आणि काही विचारलं नाही. थोरलीने पेटी ठोकळ्यापुढे ठेवली, गोणपाट झटकलं आणि भर बाजारात, उघड्या दाराकडे तोंड करून बसली. ठोकळा तिच्या छातीला येत होता.

"मावशी, त्याला हाक मारा."

हाक मारावी लागली नाही. धाकटा दारात उभाच होता, ओल्या तोंडाने. क्षणभर त्याला समोरचं दिसतंय ते खरं वाटेना. मग त्याने दोन्ही हात वर केले.

"बसली! मावशी, साक्षीला आहात! आता बघितलं नाही म्हणू नका!"

"बसलेय," थोरली म्हणाली. "कशावर ते बघ."

"कशावर का बसेनास..."

"बघ म्हणते ना. यंत्रामागे होती. पाठ टेकायची जागा पण आहे भिंतीवर, जाऊन ये. हे बघ पट्टे. वास घे."

त्याने पट्टा हातात घेतला. नाकाशी नेला.

शिंपीणबाई वाकून गोणपाटाची शिवण बघत होती. तिने दोरा नखाने उचकला. "हा माझ्याकडचा आहे," ती म्हणाली. "गाद्यांचा दोरा. आमचे हे गेले त्याच वर्षी मागून नेलान खांबाने. गोणी शिवायच्यात म्हणाला. चौदा वर्षं झाली."

"चौदा," धाकटा म्हणाला.

"खाली अजून एक गोणपाट आहे," थोरली म्हणाली. "ते कुजलंय. म्हणजे त्याच्याही आधीपासून."

"मला मारलं तेव्हा?"

"तेव्हा नसेल. तेव्हा पाय धड होते त्यांचे."

"मग नंतर सांगायचं होतं ना!" त्याचा आवाज एकदम फुटला, अकरा वर्षांच्या पोराचा निघाला. "चौदा वर्षं होती सांगायला! बसावं लागतं रे, एवढंच म्हणायचं होतं! एकदा! मरताना तरी! मरताना पण तेच, बसला त्याचा हक्क गेला..."

गल्ल्याच्या फळीत सत्तूर अजून तसाच उभा होता. त्याने तो उपटला. शिंपीणबाई किंचाळून दाराबाहेर झाली. थोरली उठली आणि ठोकळ्यालगत सरकली, आणि त्याने पहिला घाव पेटीवर घातला.

लाकूड कर्रकन फाटलं. दुसऱ्या घावाने गोणपाट उसवलं आणि आतली काळी, कुजकी चिंधी बाहेर आली. तो कसबी माणूस होता, कुठे मारलं की काय सुटतं हे जाणणारा, पण आता तो कसंही मारत होता. ढलप्या उडत होत्या. एक तराजूच्या तबकावर टणकन आपटली, एक त्याच्याच गालावर बसली आणि रक्ताची रेघ खाली आली. सत्तूर फरशीवर आदळून ठिणगी उडाली. तो काहीतरी बोलत होता, शिव्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बाबा, बाबा असं येत होतं. पेटी संपली तरी तो मारत होता, फरशीला, आणि आता त्याचा हात घसरायला लागला होता; पुढचा घाव त्याच्याच नडगीवर जाणार हे थोरलीला स्पष्ट दिसलं.

तिचे पाय ठोकळ्यापुढच्या जागी होते. इथली फरशी दोन पावलांच्या आकाराची झिजलेली होती, आधी बाबांच्या, मग तिच्या.

तिने उजवं पाऊल उचललं. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. तिने पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि वर उठलेलं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्याने झटका दिला. तिने सोडलं नाही. त्याने तिला फळीवर आपटलं, तिची कोपरं सोलली, तरी तिने सोडलं नाही. शेवटी सत्तूर सुटून खाली पडला आणि त्याच्यामागोमाग दोघंही, ढलप्यांमध्ये, रक्ताळलेल्या भुश्शात.

थोरलीने डाव्या पायाने सत्तूर दूर सारला.

"त्या दिवशी मी वळले नाही," थोरली म्हणाली.

धाकट्याने गालावरचं रक्त बाहीला पुसलं. "माहितीये."

"माझे पाय..."

"माहितीये गं. मी पण त्याच खडूत उभा राहायचो." त्याने तिच्या फुगलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. "ताई, पाच महिने रोज येत होतो मी. एकदा बसली असतीस ना, तर घरी गेलो असतो."

"आणि दुकान?"

"मला नको ते. त्याच्या ठोकळ्यापुढे कोण उभं राहतंय?"

"मग लाथ कशाला मारलीस?"

"बसत नव्हतीस."

तिने त्याच्या डोक्यात एक टपली मारली, टपली कसली, चांगला दणका होता. तो हलला नाही.

"कोणी आहे का आत?" बाहेरून आवाज आला. फळीच्या वरून एका गिऱ्हाइकाची टोपी दिसत होती. फळीमागे जमिनीवर बसलेली दोन माणसं त्याला दिसत नव्हती.

"आहे," शिंपीणबाई रस्त्यावरून ओरडली. "मालक खाली बसलेत. थांबा जरा." ती आपल्या दुकानात शिरली आणि शिवणयंत्रापुढचं उंच लोखंडी स्टूल उचलून रस्ता ओलांडताना दिसली. "दुपारपर्यंतच देतेय," ती म्हणाली. "मला पण गुडघे आहेत. उद्या स्वतःचं आणा."

धाकटा उठला. त्याने वाकून हात पुढे केला.

"डाव्यावर भार दे," तो म्हणाला. "उजवा सरळ ठेव. हां. आता ऊठ."

तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. मघाशी धरलेल्याच जागी तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तो तिला ओढून उभं करत असताना तिने दात आवळले. मग ती स्टुलावर बसली. ठोकळा आता बरोबर कमरेला येत होता.

"काय देऊ?" तिने गिऱ्हाइकाला विचारलं.

"अर्धा किलो. तुकडे लहान करा." गिऱ्हाइकाने टोपी मागे सारून बघितलं. "आज बसून?"

"बसून," थोरली म्हणाली, आणि पाऊल उचलून तराजूकडे वळली.

मागे धाकटा झाडू घेऊन ढलप्या गोळा करत होता. मलमाची नळी त्याच्या हाताला लागली. ती त्याने सुपलीत टाकली, मग परत काढली आणि खिशात ठेवली.